चहा चालेल का?

(सातपाटी इथं भरलेल्या कार्यकर्ता शिबिरातलं भाषण. बोललं गेलं तसंच, थोडी काटछाट करून.)

पत्रिकेवर माझ्या नावापुढं विषय छापलाय — 'समाजकार्यासाठी आंतरव्यक्ती संवादकौशल्यांचा विकास'. खिळे जुळवणाऱ्यालासुद्धा धाप लागली असती. असा विषय वस्तीत नेऊन वाचला तर बाया पदर तोंडाला लावून हसतील, आणि त्यांचं बरोबर असेल. साधी गोष्ट आहे. एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या दारात जाऊन काय बोलायचं, आणि कधी तोंड बंद ठेवायचं. एवढंच.

काल सकाळी अकराला तुम्ही गावात बैठक लावली होती. सतरंजी होती, माईक होता, तुम्ही बाराजण होता. गावातलं कुणी नव्हतं. रात्री जेवताना आपल्यातलाच एकजण म्हणाला, 'लोकांना जाणीवच नाय.' अरे बाबा, काल पौर्णिमा होती! मांगेल्याचं, वैत्याचं पोरगं शाळेत न जाता हिशेब करतं — तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. इथली खाडी गाळानं भरत आलीय. भरतीचं पाणी चढल्याशिवाय बोट आत शिरत नाही. म्हणजे ज्या घटकेला अख्खा गाव बंदरावर बोटींची वाट बघत उभा, त्याच घटकेला तुम्ही सतरंजीवर बसून क्रांतीची वाट बघत होतात. आदल्या संध्याकाळी एका म्हातारीला विचारलं असतं, 'आजी, उद्या कधी येऊ?' तर तिनं वेळ सांगितली असती. फुकट. पण विचारायचं आपल्याला सुचत नाही. आपल्याला सांगायची सवय.

ही सवय आली कुठून, तेही बघू. आपण मैदानातली माणसं. हजारोंसमोर माईक धरला की आपल्या अंगात येतं. पिढ्यान्‌पिढ्या तोंड दाबून ठेवलेल्यांची पोरं आपण, आवाज मिळाला तर तो चढणारच, आणि चढायलाच हवा होता. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी पत्र काढलं त्याचं नाव 'मूकनायक'. पण मुकी म्हटलेली माणसं खरं तर मुकी नव्हतीच. जात्यावर, विहिरीपासून लांब ताटकळताना, मयताच्या रात्री ती बोलतच होती. ऐकणारा कुणी नव्हता. आणि आता आपण माईक घेऊन गेलो आणि तिलाच परत गप्प बसवलं, तर तिच्या दृष्टीनं पाटलात आणि आपल्यात फरक काय राहिला?

मैदान वेगळं, उंबरा वेगळा. मैदानात तू एकटा बोलतोस, समोरचा टाळ्या वाजवतो. उंबऱ्यावर टाळ्या नसतात. उंबऱ्यावर ती बाई तुला नखशिखान्त बघते आणि एक प्रश्न विचारते — 'चहा चालेल का?'

आता हे वाक्य नीट ऐका. ती 'चहा घेता का' असं म्हणत नाही. ती 'चालेल का' म्हणते. म्हणजे आमच्या घरचा, आमच्या हातचा, आमच्या कपातला तुला चालेल का. हजार वर्षांचा इतिहास आहे त्या तीन शब्दांत. आणि आपला सुशिक्षित कार्यकर्ता, भला माणूस, तिला त्रास नको म्हणून हसून म्हणतो, 'नको नको, आत्ताच घेतला.' झालं. मुलाखत तिथंच संपली. पुढं अर्धा तास ती उत्तरं देते. पण ती उत्तरं सरकारी माणसाला देतात तशी — काय नाय, बरं हाय, समदं ठीक. तू वहीत लिहून घेतोस, 'कुटुंबात समस्या नाही.'

चहा घ्यायचा. साखर जास्त असली तरी, दुपारचे दोन वाजले असले तरी. डॉक्टरनं बंद केला असेल तर तसं खरंखुरं सांगून तिच्या माठातलं पाणी मागायचं. तिच्यासमोर प्यायचं. मी समाजकार्याच्या पदवीला दोन वर्षं घातली, त्यात हे कुणी शिकवलं नाही. आमच्या आईला ठाऊक होतं, पण तिला पदवी नव्हती.

पुस्तकं वाईट नाहीत, तसं म्हणत नाही मी. या देशात समाजकार्याचं पहिलं कॉलेज 1936 साली मुंबईत, नागपाड्याला निघालं. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्यानं टाटांच्या ट्रस्टच्या पैशावर काढलं. आज तीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था. तेव्हापासून पुस्तकंही बरीचशी अमेरिकेतलीच. 1957 साली फेलिक्स बिस्टेक या जेझुइट पाद्र्यानं सात तत्त्वं मांडली, ती अजून पोरं पाठ करतात. माणसाला सुटा माणूस म्हणून बघा. त्याला भावना मोकळ्या करू द्या. आहे तसा स्वीकारा. न्यायाधीश होऊ नका. निर्णय त्याचा त्याला घेऊ द्या. सांगितलेलं बाहेर फोडू नका. आणि आपल्या भावनांना वेसण घाला. चांगलीच आहेत. फक्त बिस्टेकला बोईसरच्या कामगार चाळीतली दहा बाय दहाची खोली माहीत नव्हती. पत्र्यापलीकडं शेजारीण, दारात सासू, खाटेवर नवरा. तिथं कसली गोपनीयता? तिथं 'मनमोकळं बोला' म्हणणं म्हणजे तिला संध्याकाळी मार खायला लावणं. तिच्याबरोबर नळावर जायचं. इथं सातपाटीत असाल तर बोंबील वाळत घालताना हात लावायचा, बंधाऱ्याकडं चालत जायचं. हात कामात आणि डोळे दुसरीकडं असले की बाई बोलते. तिच्यासमोर खुर्ची टाकून, मांडीवर वही, हातात पेन — हा पंचनामा झाला. आपल्या लोकांनी पंचनामे पुष्कळ पाहिलेत.

खुर्चीचंही तेच. तुम्ही गेलात की शेजारून लाल प्लास्टिकची खुर्ची येते. ती आणणाऱ्याचा मान ठेवा, पण बसा खाली. सगळे खाली बसलेत आणि तू वर, मग तू तोंडानं समता म्हण नाहीतर बंधुता, तुझी खुर्ची तुझ्यापेक्षा मोठ्यानं बोलते.

आणखी एक. फॉर्म. नाव, आडनाव, गाव, जात, उत्पन्न — या क्रमानं प्रश्न टाकत जाणं. आपल्या देशात आडनाव विचारणं हा साधा प्रश्न नाही. सवर्ण माणूस आडनाव विचारतो, कळलं नाही तर गाव विचारतो, तरी कळलं नाही तर 'गावात कुठल्या बाजूला?' विचारतो. आपण या उलटतपासणीतून शाळेपासून गेलोय. मग तोच कागद घेऊन आपण दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं? आधी फक्त नाव. बाकीचा कागद दुसऱ्या खेपेला. दुसरी खेप होणारच नसेल तर पहिलीला जाऊ नका.

आणि हे झोंबेल तुम्हाला, पण सांगते. आपण दलित आहोत म्हणून आपण आपोआप चांगले ऐकणारे होत नाही. सोसलंय म्हणजे दुसऱ्याचं सोसणं कळलंच, असं नसतं. उलट कधीकधी आपलंच दुःख इतकं मोठं वाटतं, की समोरची मासे विकणारी बाई तोंड उघडते तोवर आपण तिला तिचं शोषण समजावून सांगायला लागतो. वारली म्हातारा तुम्हाला पहिल्याच भेटीत 'तू' म्हणेल. काहींना राग येतो, 'आमच्या मानाचं काय?' अरे, तो कलेक्टरलाही तू म्हणतो! त्याच्या बोलीत वर-खाली नाही. अहो-जाहोची उतरंड ज्या भाषेनं केली तिचा राग त्याच्यावर काढू नका. आपण मात्र त्याला, त्याच्या बायकोला अहोच म्हणायचं. कचेरीत त्यांना आजवर 'ए, तिकडं बस' एवढंच ऐकायला मिळालंय.

बाबासाहेबांकडं बघा. 1927 च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली. तिथंच ते बायांशी वेगळे बोलले. कशावर? लुगडं कसं नेसायचं, अंगावर कसले दागिने नकोत, पोरींना शाळेत घाला. लंडनची, कोलंबियाची पदवी घेतलेला माणूस लुगड्यावर बोलतो, कारण त्या लुगड्यावरूनच तिची जात गावाला ओळखू येत होती. तिच्या अंगावरची गोष्ट होती ती. बायांनी ते लगेच अंमलात आणलं.

आता या जिल्ह्यातलं सांगते. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथं काही वारली गेले होते. पुढं 23 मे ला झरी गावी सभा झाली, वेठबिगारी करायची नाही असं ठरलं. गोदावरी परुळेकर तिथं होत्या. पुण्याच्या ब्राह्मण घरातल्या, वकिलीची पदवी घेतलेल्या. आपल्यातल्या कुणाला त्यांचा पक्ष पटेल, कुणाला नाही पटणार, तो वाद रात्री घालू. पण बाई पाड्यापाड्यांतून चालत फिरली, त्यांच्या झोपड्यांत राहिली, त्यांचं खाल्लं. 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक 1970 साली आलं, त्यात सगळं आहे, वाचा. तिच्या शब्दावर डोंगर खाली उतरायचा.

आणि बघा, नेमकं हेच शत्रूनं हेरलं. ऑक्टोबर 1945 मध्ये खोटा निरोप फिरवला गेला — बाई तलवाड्याला येतायत, त्यांच्या जिवाला धोका आहे. हजारो आदिवासी काठ्या घेऊन जमले. बाई आल्याच नव्हत्या. 10 ऑक्टोबरला पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच माणसं मेली.

पंचाहत्तर वर्षांनी, 16 एप्रिल 2020, टाळेबंदी. डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. मुलं पळवणारे फिरतायत अशी अफवा आठवडाभर पसरत होती. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर, तीन माणसं जमावानं ठेचून मारली. मग टीव्हीवाले आले, धर्म आला, राजकारण आलं. मला त्यातलं एकच विचारायचंय. त्या आठवड्यात पाड्यावर जाऊन 'हे खोटं आहे' असं सांगणारा, आणि ज्याचं ऐकतील असा, एक तरी माणूस का नव्हता? आपल्यापैकी कुणाचा तिथं राबता होता? विश्वास हा संकटाच्या दिवशी नेऊन वाटता येत नाही. तो आधीच्या दोन वर्षांच्या चहातून येतो.

शेवटी एक काम सांगते, मग तुम्ही प्रश्न विचारा.

डहाणू-तलासरीची पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. पाकिस्तानवाले बोट पकडतात, पोरं कराचीच्या तुरुंगात. अशा एका खलाशाच्या बायकोकडं मी जाते. ती पहिल्या दिवशी एकच विचारत होती, 'कधी येल?' तिच्याकडं माझ्या आधी बरेचजण येऊन गेले होते. प्रत्येकानं सांगितलेलं — लवकरच. लवकर हा शब्द त्या घरात मेलेला होता.

मी म्हटलं, मला माहीत नाही. पण एक माहीत आहे. 2008 साली दोन्ही सरकारांत करार झालाय. दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांची यादी देतात, त्यात मच्छीमार वेगळे मोजतात. त्या यादीनंतर मी चौकशी करीन. आणि काही कळो न कळो, दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी मी येईन.

ती काही बोलली नाही. मी चहा प्याले, उठले. दुसऱ्या बुधवारी गेले, तेव्हाही ती गप्प. मीही गप्प बसले, चिंचा फोडत होती त्या फोडू लागले. गप्प बसणं फार अवघड असतं दोस्तांनो, घोषणा देण्यापेक्षा. तिसऱ्या बुधवारी तिनं आपणहून सांगितलं — बोटवाल्याकडून घेतलेली उचल फेडायला तिच्यामागं माणूस लागलाय. आणि रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर, अंगठा त्याचा, म्हणून दुकानदार धान्य देत नाही. कार्डावर तिचं स्वतःचं नाव आहे का, हे तिला कुणी बघायला सांगितलंच नव्हतं.

आहे. आम्ही कार्ड उघडून बघितलं, दुसऱ्या ओळीत आहे. तिचा अंगठा आधारला जोडायचा अर्ज घेऊन आम्ही दोघी तहसीलला जाऊन आलो. उचलीचं काम अजून बाकी आहे. त्यासाठी मला तुमच्यातली दोन माणसं हवीयत, कायद्याचं वाचणारी, आणि पुढच्या बुधवारी मोकळी असलेली.