परमुलखातला केसपेपर

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



‘विलायतेतले अनुभव’ ह्या विषयावर बोला, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी जरा संकोचलेच. मी तिकडे सहा महिने होते हे खरे; परंतु राजवाडा पाहिला तो रस्त्यावरून, आणि थंडी पाहिली ती खिडकीतून. मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखे जे आहे ते राजवाड्याचे नाही, दवाखान्याचे आहे. आज आपल्या धाराशिवात, उमरग्यात, तुळजापुरात अशी गल्ली उरली नाही की जिथला एखादा मुलगा वा मुलगी परदेशी नाही. लोणच्याची बरणी बांधून देताना आपण शंभर सूचना देतो. पण ‘तिथे आजारी पडलास तर केसपेपर कोण काढील?’ हे मात्र विचारीत नाही. अपशकुन वाटतो. त्या अपशकुनाविषयीच मी आज बोलणार आहे.

परमुलखातील दुखणे म्हटले की मला आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली त्या एकट्या अमेरिकेस गेल्या आणि 1886 च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या; पण तिकडेच प्रकृती ढासळली, आणि 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. कार्पेंटरबाईंसारखी मायेची माणसे त्यांना तिकडे भेटली, म्हणून निभावले. योगायोग असा की त्याच 1883 साली जर्मनीत बिस्मार्कने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. दुखणेकऱ्याचा भार एकट्या घरावर न पडता तो सर्वांनी मिळून उचलावा, ह्या विचाराला कायद्याचे रूप आले ते तिथून. पुढे इंग्लंडात ऐन महायुद्धात, 1942 साली, बेव्हरिज साहेबांचा अहवाल निघाला आणि 5 जुलै 1948 रोजी अन्यूरिन बेव्हन हे आरोग्यमंत्री असताना तिथली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. पैसा करातून यायचा आणि उपचार गरजेप्रमाणे व्हायचे, हे तिचे सूत्र.

आता प्रश्न असा की ही सेवा परक्यालाही मिळते काय? उत्तर आहे : मिळते, पण कोण कोणत्या नात्याने तिथे राहतो त्यावर.

माझी मुलगी आणि जावई 2024 च्या उन्हाळ्यात तीन वर्षांच्या व्हिसावर गेले. जावई नोकरीच्या व्हिसावर, मुलगी त्यांची पत्नी म्हणून. अशा माणसांकडून तिथले सरकार व्हिसाच्या अर्जाबरोबरच आरोग्याचा अधिभार घेते. 2015 साली हा अधिभार सुरू झाला तेव्हा तो वर्षाला 200 पौंड होता. 2024 च्या फेब्रुवारीपासून तो मोठ्या माणसाला 1,035 पौंड आणि विद्यार्थी व मुलांना 776 पौंड झाला. तोही दरवर्षी नाही, व्हिसा जितक्या वर्षांचा तितक्या वर्षांचा एकदम भरायचा. दोघांचे तीन वर्षांचे 6,210 पौंड झाले. म्हणजे आपले साडेसहा लाखांच्या घरात! माझ्या यजमानांनी आकडा ऐकून चष्मा काढून पुसला. परंतु ते पैसे एकदा भरले की मग दवाखान्यात तिथल्या रहिवाशाचा जो हक्क तोच ह्यांचा. आपल्याकडच्या परिचारिका मुली तिकडे जातात, त्यांच्या आयांनी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी : आरोग्य सेवेतील नोकरीच्या खास व्हिसावर जाणाऱ्यांना व त्यांच्या कुटुंबाला हा अधिभार 2020 पासून माफ आहे. कोणी दलाल तो मागू लागला तर देऊ नये.

बरे, पैसे भरले म्हणजे झाले काय? नाही. जवळच्या डॉक्टरकडे जाऊन आपले नाव नोंदवावे लागते. हा तिथला केसपेपर. मोठ्या इस्पितळाची वाट बहुधा ह्या डॉक्टरच्या दारातूनच जाते. मुलीला दिवस राहिले तेव्हा ती नाव नोंदवायला गेली. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “घराच्या पत्त्याचा पुरावा आणा.” घर भाड्याचे, वीजबिल घरमालकाच्या नावाचे. मुलगी परत आली, दुसऱ्यांदा गेली, पुन्हा परत आली. मला फोनवर म्हणाली, “आई, पैसे भरूनही मला दारातच उभे करतात गं.” तिच्या आवाजातला तो कंप मी विसरलेले नाही. शेवटी शेजारच्या एका बाईंनी सांगितले की नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा बंधनकारकच नाही. तिथल्या आरोग्य सेवेच्या नियमातच तसे लिहिले आहे. मुलीने तो नियम छापून नेला, खिडकीवर ठेवला आणि नम्रपणे म्हणाली, “नाव नोंदवणार नसाल तर कारण लेखी द्या.” लेखी कारण कोणीच देत नाही, भगिनींनो, ना विलायतेत, ना इथे. नाव नोंदले गेले.

त्यानंतर मात्र तिची काही आबाळ झाली नाही. सुईण नेमून दिली गेली. तपासण्या, रक्त, सोनोग्राफी वेळच्या वेळी झाल्या. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर औषधाला पैसे पडू नयेत म्हणून एक दाखला मिळतो, तोही सुईणबाईंनी आठवणीने मिळवून दिला. बाळाच्या वजनाचे नि टोचण्यांचे एक लाल पुस्तक असते. नातवाचे ते पुस्तक मी काजळाच्या डबीशेजारी ठेवीत असे.

हे झाले मुलीचे. आता माझे ऐका, कारण चूक माझी आहे आणि ती सांगावी म्हणूनच मी आज उभी आहे.

मी गेले होते सहा महिन्यांच्या पाहुण्याच्या व्हिसावर. पाहुण्याला तो अधिभार नाही. पण म्हणून इस्पितळही फुकट नाही. परदेशी पाहुण्यांकडून इस्पितळाचे पैसे घेण्याचा नियम तिथे 1982 पासून आहे, आणि आपल्यासारख्यांना मूळ खर्चाच्या दीडपट आकार पडतो. म्हणून पाहुण्याने प्रवासाचा विमा उतरवून जावे हे शहाणपण. विमा आम्ही उतरवला. त्या अर्जात एक प्रश्न होता : रक्तदाब, मधुमेह आहे काय? मला रक्तदाब आहे. नऊ वर्षे गोळी चालू आहे. पण खरे लिहिले तर हप्ता वाढेल, म्हणून आम्ही लिहिले, ‘नाही’. हप्त्यात काही हजार वाचले. मला फार हुशारी केल्यासारखे वाटले.

तिकडे गेल्यावर गोळ्या संपत आल्या. तेवढ्यात इथून निघताना एकीने दिलेला इशारा डोक्यात घोळत होताच : “तिकडे आजारी पडू नका हो, घर विकावे लागेल!” म्हणून मी गोळी एक दिवसाआड घेऊ लागले. मुलीला आठवा महिना लागलेला. एके दिवशी छातीत भरून आल्यासारखे झाले. बोलले नाही. दुसऱ्या दिवशी डोके ठणकत होते. ओवा चावला आणि पोळ्या लाटल्या. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडले. त्या अवघडलेल्या लेकीने मला जमिनीवरून उठवले तेव्हा ती रडत एवढेच म्हणाली, “आई, मी तुला बाळंतपणाला बोलावलं, तू असं लपवून मला शिक्षा का देतेस?”

जावयांनी 111 ह्या क्रमांकावर विचारले. जीव धोक्यात असला तर तिथे 999, आणि सल्ल्यासाठी 111. त्यांनी ताबडतोब तातडीच्या विभागात नेण्यास सांगितले. तिथे कोणी आधी पैसे मागितले नाहीत. ह्या विभागातला उपचार तिथे कोणालाही, अगदी काल उतरलेल्या पाहुण्यालाही, मोफत असतो. पण डॉक्टर म्हणाले, “रात्रभर ठेवून घ्यावे लागेल,” आणि खाटेवर नेले की तिथून आकार सुरू होतो. हृदयाला धक्का नव्हता, रक्तदाब मात्र फार चढला होता. मी बरी झाले. बिल आले. विमा कंपनीने माझे जुने कागद मागवले, नऊ वर्षांची गोळी त्यात दिसली, आणि दावा नाकारला. मी कंपनीला दोष देत नाही. ‘नाही’ हा शब्द माझाच होता. जावईबापूंच्या एका महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा त्यात गेला. ते एका शब्दाने बोलले नाहीत, आणि म्हणूनच मला अधिक लाज वाटली. आम्ही हप्ते ठरवून पैसे फेडले. कारण 500 पौंड किंवा त्याहून अधिक देणे दोन महिने थकले तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. म्हणजे नातवाच्या वाढदिवसाची वाटच बंद!

सर्वांत बोचणारी गोष्ट पुढे कळली. पाहुण्यालाही तिथल्या जवळच्या डॉक्टरकडे तात्पुरते नाव नोंदवता येते, आणि त्या डॉक्टरची तपासणी मोफत असते. इंग्लंडात साठीच्या पुढच्या माणसाला त्यांनी लिहून दिलेल्या औषधालाही पैसे पडत नाहीत. मी बासष्ट वर्षांची. पहिल्याच आठवड्यात गेले असते तर गोळीही मिळाली असती आणि खाटही टळली असती. दुखणे हत्तीच्या पावलाने येते नि मुंगीच्या पावलाने जाते म्हणतात. माझे तर मीच हत्तीवर बसवून आणले.

प्रत्येक देशाची रीत निराळी. जर्मनीत कायद्याचा विमा नोकरीबरोबरच चालू होतो आणि उत्पन्न नसलेली पत्नी व मुले त्याच हप्त्यात येतात. भेटीला गेलेली आई येत नाही. 2024 साली महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हा आपल्या मुलांच्या आयांनी हे जाणून असावे. कॅनडात प्रत्येक प्रांताची योजना वेगळी; ब्रिटिश कोलंबियात नव्या माणसाला आलेला महिना संपून आणखी दोन महिने थांबावे लागते, म्हणून तेवढ्यापुरता खाजगी विमा हवा. आईबापांच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाला तर किमान एक लाख डॉलरचा विमा दाखवावाच लागतो. आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्यांसाठी आपल्या सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना आहे.

भगिनींनो, परमुलूख म्हणजे सातासमुद्रापलीकडचाच असे नाही. आपल्या वाशी-कळंब-भूमच्या बाया दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला जातात. तिथल्या दवाखान्याच्या खिडकीवर त्याही परक्याच. ‘खाडा होईल, उचल फिटायची नाही’ म्हणून त्याही दुखणे लपवतात. माझ्याजवळ लेक होती, जावई होता, फोन होता; त्यांच्याजवळ पाल आहे. आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचे 2023 साली ठरले. 2018 पासूनच्या आयुष्मान योजनेचे कार्ड देशातल्या योजनेत घेतलेल्या कोणत्याही रुग्णालयात चालते. आणि 2024 च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ते मिळते. पण कार्ड काढलेले नसेल तर योजना कागदावरच.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. हळदीकुंकवाला आपण वाण देतोच. यंदा प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या गल्लीतल्या एका घरचे कार्ड निघाले आहे की नाही हे पाहावे, आणि नसेल तर सोबत जाऊन काढून द्यावे. टोळ्या गावाबाहेर पडण्याआधी हे व्हावे. आणि ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनी जाताना तीन गोष्टी कराव्या : विम्याच्या अर्जात खरे लिहावे, औषधे पुऱ्या मुदतीची आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह न्यावी, आणि पोहोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवावे.

चौथी गोष्ट कोणत्याही योजनेत लिहिलेली नाही, ती आपणच आपल्याला सांगायची आहे. घरच्यांचा खर्च वाचावा म्हणून बाईने दुखणे गिळणे, ह्याला आपण आजवर सोसणे म्हणत आलो. लेकीचे ते रडणे ऐकल्यापासून मी त्याला सोसणे म्हणत नाही.