नगरांचा ठरलेला वाटा



नगरप्रशासनाच्या पैशाचा विचार करण्यासाठी आपण आकुर्डीत जमलो आहोत. त्यासाठी याहून योग्य जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. 4 मार्च 1970 रोजी पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी या चार गावांची मिळून एक नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. 1982 मध्ये तिची महापालिका झाली, 1997 मध्ये आणखी 18 गावे हद्दीत आली, आणि पुढे बरीच वर्षे ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महापालिका’ हे बिरुद या शहराच्या नावामागे लागले. ही श्रीमंती जकातीची होती. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप्स यांच्यासाठी रोज जे पोलाद, रबर, रंग, रसायने नाक्यांवरून आत येत, त्यावरची वसुली त्याच दिवशी महापालिकेच्या खात्यात जमा होत असे. त्यासाठी मुंबईला जावे लागत नव्हते. आज त्याच महापालिकेच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूच्या सर्वांत मोठ्या रकमांपैकी एक राज्य सरकारकडून येते. सर्वांत सधन शहराची ही अवस्था असेल, तर जिच्याकडे कारखाना नाही की मोठी बाजारपेठ नाही अशा नगरपरिषदेची काय असेल, हे वेगळे सांगायला नको. राज्याने शहरांना पैसे द्यावेत की नाही हा वाद आता संपला आहे, ते द्यावेच लागतात. ते कोणत्या नियमाने द्यावेत, हा खरा प्रश्न आहे, आणि माझे सगळे म्हणणे त्या एका प्रश्नाभोवती आहे.

जकात पुन्हा आणा, असे मी म्हणणार नाही. तो वाईट कर होता. ट्रकच्या रांगा लागत, तपासणीच्या नावाखाली खोळंबा होई, आणि उद्योगाला कच्च्या मालापासूनच भुर्दंड बसे. नगरपरिषदांची जकात 1999 मध्येच गेली. पिंपरी-चिंचवडमध्ये 1 एप्रिल 2013 पासून तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, ज्याला सगळे एलबीटी म्हणत. 1 ऑगस्ट 2015 पासून वर्षाला 50 कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांचा एलबीटी माफ झाला आणि त्या तुटीपोटी राज्याचे अनुदान सुरू झाले. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा उरलासुरला एलबीटीही संपला. म्हणजे चार-साडेचार वर्षांत शहराच्या मुख्य उत्पन्नाचे साधन दोनदा बदलले आणि शेवटी नाहीसे झाले. दोन्ही वेळा निर्णय शहराबाहेर झाला.

सरकारने महापालिकांना वाऱ्यावर सोडले असे मात्र नाही, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. 2017 मध्ये विधिमंडळाने स्थानिक प्राधिकरणांना भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा केला. 2016-17 चे उत्पन्न पाया धरायचे, त्यावर दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ धरायची आणि रक्कम दरमहा द्यायची, ही त्याची चौकट. केंद्राने राज्यांना दिलेली भरपाई पाच वर्षांनी, जून 2022 मध्ये थांबली; महापालिकांना ही तारीख लागली नाही. रक्कम ठरलेली आहे, महिन्याच्या महिन्याला येते आणि तिच्यासाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. हे मोठे गुण आहेत. राज्याचा प्रत्येक पैसा शहराकडे याच पद्धतीने यावा, असे मी पुढे म्हणणार आहे. पण या सूत्रात एक उणीव आहे, आणि ती वाढत्या शहराच्या मुळावर येते.

आकडेमोड साधी आहे. 8 टक्के चक्रवाढीने रक्कम नऊ वर्षांत दुप्पट होते. ऐकायला हे भरघोस वाटते. पण 2001 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सुमारे 10 लाख होती आणि 2011 मध्ये ती 17 लाख 27 हजारांवर गेली. वर्षाला सुमारे साडेपाच टक्के वाढ झाली. हाच वेग धरला, तर 8 टक्क्यांतून दरडोई वाढ अडीच टक्क्यांहूनही कमी उरते. रिझर्व्ह बँकेला महागाईचे जे लक्ष्य दिलेले आहे तेच 4 टक्क्यांचे आहे. म्हणजे महागाई अगदी लक्ष्याइतकीच राहिली, तरी प्रत्येक नागरिकामागे शहराच्या हातात येणारा पैसा खऱ्या अर्थाने दरवर्षी घटतो. आणि हेच 8 टक्के ज्या शहराची वाढ थबकली आहे त्यालाही मिळतात. सूत्राला 2016-17 चे वसुलीचे रजिस्टर दिसते. त्यानंतर वाकड, रावेत, मोशी, चिखलीत जे लोक राहायला आले, ते त्याला दिसत नाहीत. त्या लोकांना मात्र पाणी लागते. नोव्हेंबर 2019 पासून या शहराला दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

याच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, जी औद्योगिक शहरांनी नीट समजून घेतली पाहिजे. वस्तू व सेवा कर हा माल जिथे खपतो तिथे जमा होणारा कर आहे. चाकणमध्ये तयार झालेली मोटार लखनौला विकली गेली, तर राज्याच्या वाट्याचा कर उत्तर प्रदेशाला जातो. जकात होती तेव्हा कारखाना वाढला की शहराचे उत्पन्न वाढायचे. आता कारखाना वाढला तर शहराकडे मालमत्ता करापलीकडे फारसे काही येत नाही. पण तिसऱ्या पाळीचे कामगार, त्यांच्या खोल्या, रस्त्यावरचे कंटेनर, सांडपाणी आणि कचरा हे सगळे शहराकडेच येते. उद्योगाने निर्माण केलेला भार स्थानिक आणि त्यातून निघणारा कर देशभर वाटला जाणारा, अशी ही रचना आहे. देशाची बाजारपेठ एक व्हावी म्हणून ती स्वीकारली गेली, आणि ते योग्यच झाले. पण मग भार उचलणाऱ्या गावाला त्याचा वाटा राज्याच्या तिजोरीतून मिळणे हा त्याच व्यवहाराचा उरलेला भाग आहे.

चाकणची गोष्ट तर याहून अवघड. तिथे नगरपरिषद झाली 2015 मध्ये. भरपाईचे कोष्टक महापालिकांच्या जुन्या वसुलीवर उभे आहे, आणि चाकणला अशी जुनी वसुलीच नाही. मोठमोठे कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी या ग्रामपंचायतींच्या बाजूला. कामगारांच्या चाळी, बाजार आणि वाहतुकीची कोंडी चाकणात. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग गावातून जातात. औद्योगिक वसाहतीतले अंतर्गत रस्ते एमआयडीसीचे. तळेगाव चौकात दोन तास अडकलेला माणूस मात्र यातले काही पाहत नाही, तो नगरपरिषदेला बोल लावतो. त्या चौकातला एकही महामार्ग नगरपरिषदेचा नाही, आणि तो रुंद करण्याइतका पैसाही तिच्याकडे नाही.

शहराने द्यायच्या सेवा फक्त करदात्यांपुरत्या नसतात, हेही लक्षात घ्यावे. आषाढी वारीत तुकोबांची पालखी देहूहून निघाली की तिचा मुक्काम इथे आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात असतो. त्या एका रात्रीसाठी टँकर, फिरती शौचालये, दवाखाने, शाळांचे वर्ग मोकळे करून केलेली निवासाची सोय आणि पालखी पुण्याकडे गेल्यावर सकाळी रस्ते धुऊन काढणारे सफाई कर्मचारी, हे सगळे महापालिका उभे करते. वारकऱ्याकडे कर मागण्याचा विचारही कोणाच्या मनात येणार नाही, येऊ नये. पण शहर संपूर्ण समाजासाठी काम करते, तेव्हा समाजाच्या सामायिक तिजोरीतून त्याला वाटा मिळाला पाहिजे, हे यातून आपोआप निघते.

आता मालमत्ता कराकडे येतो, कारण शहराच्या स्वतःच्या म्हणता येईल अशा उत्पन्नात तोच प्रमुख राहिला आहे. त्यावरही शहराची पूर्ण सत्ता नाही. शास्तीकराचा इतिहास इथे सर्वांना पाठ आहे. अनधिकृत बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट दंड लावण्याची तरतूद राज्याच्या कायद्याने 2008 मध्ये आली. सामान्य माणसाच्या अर्ध्या गुंठ्यातल्या घरावर त्याचा डोंगर उभा राहिला, लोकांनी मूळ कर भरणेही थांबवले, आणि अखेर मार्च 2023 मध्ये राज्यानेच तो माफ केला. माफी न्याय्य होती, तिचे मी स्वागतच करतो. पण लावण्याचा कायदा राज्याचा, माफीचा शासन निर्णय राज्याचा, आणि मधल्या पंधरा वर्षांतली थकबाकी मात्र महापालिकेच्या वहीत. मुंबईत 2022 मध्ये 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर राज्याने माफ केला, तोही महापालिकेच्या उत्पन्नातून. लोकांना सवलत द्यायला राज्य मोकळे आहे. ज्याच्या खिशातून ती जाते त्याला तेवढी रक्कम त्याच वर्षी परत मिळावी, एवढा नियम असला पाहिजे.

असा नियम सांगायला घटनेने एक यंत्रणाच दिलेली आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने, जी 1 जून 1993 पासून अमलात आली, 243-वाय कलमानुसार, दर पाच वर्षांनी नेमायच्या राज्य वित्त आयोगावर नगरांच्या उत्पन्नाचा विचार करण्याचे काम सोपवले. राज्याच्या करांतला किती हिस्सा नगरांना जावा, कोणते कर त्यांच्याकडे सोपवावेत, हे आयोगाने सांगायचे आणि त्यावर काय कार्यवाही केली हे सरकारने विधिमंडळापुढे मांडायचे. महाराष्ट्रात पहिला आयोग 1994 मध्ये नेमला गेला. पाच-पाच वर्षांनी मोजले तर सहावा 2019 मध्ये यायला हवा होता; तो 2025 मध्ये आला. प्रत्यक्षात नगरांकडे पैसा येतो तो बराचसा योजनांच्या वाटेने. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे विशेष अनुदान, केंद्राच्या योजनांचा राज्यहिस्सा, अशा प्रत्येक योजनेचे लेखाशीर्ष वेगळे, स्वहिस्स्याचे प्रमाण वेगळे, उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना वेगळा. विशेष अनुदान कोणत्या नगरपरिषदेला किती मिळावे, याचे सूत्र कोणालाही सांगता येत नाही. मुख्याधिकारी आणि नगराध्यक्ष फाइल घेऊन मंत्रालयात जातात, आमदारांचे पत्र जोडतात, आणि मार्चअखेर काहीतरी वर्ग होते. त्यातून प्रवेशद्वाराची कमान होते, चौक सुशोभित होतो. जलवाहिनीची गळती मात्र तशीच राहते, कारण देखभालीसाठी विशेष अनुदान मिळत नाही.

राज्याचा वाटा ठरलेल्या सूत्राने मिळावा, या मागणीवर आक्षेप आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला, की महापालिका पैसा उधळतात. काही प्रमाणात ते खरे आहे. पण उधळपट्टीला आवर घालणारा मतदार आणि त्याने निवडलेले सभागृहच नसेल तर हिशेब विचारणार कोण? या शहरातील निर्वाचित सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने एकट्याने अंदाजपत्रक मांडले आणि एकट्यानेच मंजूर केले. राज्याने नेमलेला प्रशासक चालवतो त्या कारभाराचा दोष स्थानिक स्वराज्याच्या माथी मारता येणार नाही. ठरलेला निधी आणि वेळेवर निवडणुका या एकाच मागणीच्या दोन बाजू आहेत, हे मी आग्रहाने सांगतो.

दुसरा आक्षेप, की हक्काचा पैसा आयता मिळू लागला तर नगरे स्वतःची वसुली सोडून देतील. हा आक्षेप वजनदार आहे. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने त्यावर वाट दाखवली: अनुदान हवे असेल तर मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करा, आणि राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीइतकी वसुलीही वाढवा. राज्यानेही वाट्याचा एक भाग असा वसुलीशी जोडावा; आमची त्याला ना नसावी. खात्रीचे उत्पन्न आळस आणते, हे गृहीतकही तपासून घ्यावे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने 2023 मध्ये 200 कोटींचे कर्जरोखे बाजारात आणले आणि 2025 मध्ये आणखी 200 कोटींचे हरित रोखे. गुंतवणूकदाराने तो पैसा दिला, कारण परतफेडीसाठी पुढच्या वर्षीचे उत्पन्न त्याला आज मोजता आले. ज्या नगरपरिषदेचे निम्मे उत्पन्न मंत्र्यांच्या मर्जीवर आहे, तिला बाजारात कोण उभे करील?

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो न्यायाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या नगरपरिषदांकडे पगारालाही पैसे नसताना आकुर्डीने वाटा मागावा का? माझे उत्तर असे, की सूत्र असेल तरच त्या नगरपरिषदांना न्याय मिळेल. मर्जीच्या वाटपात ज्याचा आमदार वजनदार त्याचे काम आधी होते. लोकसंख्या, मागासलेपण, क्षेत्रफळ आणि स्थलांतरितांचा भार यांवर बसवलेल्या वाटपात दुबळ्याचे वजन कागदावरच ठरते. तशा सूत्रात पिंपरी-चिंचवडच्या वाट्याला दरडोई कमी रक्कम आली तरी हरकत नाही. केरळने 1996 मध्ये राज्य योजनेचा 35 ते 40 टक्के निधी स्थानिक संस्थांकडे सोपवला, आणि प्रत्येक संस्थेचा वाटा राज्याच्या अंदाजपत्रकासोबत छापील परिशिष्टात येऊ लागला. दक्षिण आफ्रिकेत नगरपालिकांचा वाटा संसद दरवर्षी कायद्याने ठरवते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या अहवालानुसार तिथे नगरपालिकांचा महसूल सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे 6 टक्के आहे, ब्राझीलमध्ये 7, आणि आपल्याकडे जेमतेम 1.

म्हणून या परिषदेने सरकारपुढे तीन गोष्टी ठेवाव्यात असे मला वाटते. सहाव्या राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी आल्यापासून सहा महिन्यांत कार्यवाहीचा अहवाल विधिमंडळात मांडावा आणि प्रत्येक नगराचा वाटा अंदाजपत्रकात नावानिशी छापावा. 2017 च्या भरपाईच्या सूत्रात नवीन जनगणनेचे आकडे येताच लोकसंख्येचा घटक जोडावा. तिसरी गोष्ट चाकणची. तिथे महापालिका करण्याची भाषा सरकारकडून 2025 पासून होते आहे, आणि आसपासची गावे त्याकडे आशेने आणि धास्तीनेही पाहत आहेत. हद्दवाढीच्या अधिसूचनेत गावांची नावे आणि सर्व्हे नंबर असतात. चाकणच्या अधिसूचनेला पहिल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाचे कोष्टकही जोडलेले असावे, आणि त्यात राज्याचा वाटा रुपयांत लिहिलेला असावा.