पावणेदोन किलोची स्मोकी

ही गोष्ट 1944 सालची. न्यू गिनीच्या जंगलात, एका खड्ड्यात अमेरिकी सैनिकाला चिमुकली यॉर्कशायर टेरियर कुत्री सापडली. वजन जेमतेम पावणेदोन किलो! पुढे बिल विन या दुसऱ्या सैनिकाने तिला पैसे मोजून विकत घेतलं. तिचं नाव स्मोकी.

पुढे फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. तिथली नळी 70 फूट लांब, 8 इंच रुंद, सांध्यांशी माती साचलेली. माणूस शिरणार कसा? विनने स्मोकीच्या पट्ट्याला दोरी बांधली, पलीकडच्या तोंडाशी जाऊन हाका मारल्या. दोरी मध्येच अडकली, सुटली. आणि धुळीतून स्मोकी बाहेर आली. त्या दोरीने तार ओढून घेता आली, धावपट्टी खणायची वेळ टळली.

ती अंधारात शिरली ती शौर्य गाजवायला नव्हे हं, ओळखीच्या हाकेपाशी पोचायला. विन स्वतःच्या शिध्यातला घास तिला द्यायचा. पत्त्यांच्या टेबलावरच्या हिरव्या कापडाचं अंथरूणही त्याने तिच्यासाठी केलं होतं.

विनसारखी माया तुम्हालाही करता येईल. तुमच्या गल्लीतला मोत्या कुत्रा खात असेल तर त्याला हात लावू नका. मोठ्यांना सांगून दाराशी सावलीत पाण्याचं पसरट भांडं तेवढं ठेवा. पाणी मात्र रोज बदलायचं.