फुए: होता, झाला की गेला?

हेडफोन लावलेत ना? आज एकच शब्द घेऊन बसायचंय. छोटासा आहे: फुए.

स्पॅनिशच्या वर्गात भूतकाळाचा धडा आला की हमखास कुणीतरी विचारतं, 'मॅडम, पुस्तकात छपाईची चूक आहे का?' कारण 'सेर' म्हणजे असणे आणि 'ईर' म्हणजे जाणे, ही दोन वेगळी क्रियापदं. पण दोन्हींखाली तक्ता तोच: फुई, फुइस्ते, फुए, फुइमोस, फुएरोन. स्पेनमध्ये वापरतात ते फुइस्तेइससुद्धा तेच. छपाईची चूक नाहीये. 'होता' आणि 'गेला' या दोन्हींसाठी स्पॅनिशमध्ये खरंच एकच रूप आहे.

मग लोकांचा गोंधळ कसा होत नाही? पुढचा शब्द ऐकतात, बस्स. 'फुए मेदिको' म्हणजे तो डॉक्टर होता. 'फुए आल मेदिको' म्हणजे तो डॉक्टरकडे गेला. मधला तो 'आल' आला की समजायचं, पाय हललेत. कधीकधी मात्र पुढे काहीच नसतं. 'क्येन फुए?' काच फुटली असेल तर याचा अर्थ 'कुणी केलं हे?' आणि किराणा आणायचा विषय चालला असेल तर 'कोण गेलं होतं?' दोन्हींना उत्तर एकच, 'फुई यो'. पहिल्यात कबुली आहे, दुसऱ्यात नुसती माहिती. समोर काय पडलंय ते बघितल्याशिवाय व्याकरण इथे मदत करत नाही.

हे झालं कसं? लॅटिनमध्ये 'फुई' हे मुळात 'असणे'चंच रूप. 'जाणे'चं भूतकाळी रूप तिथे वेगळं होतं, पण ते फारच लहान, जेमतेम एकदोन स्वरांचं. ते झिजत गेलं आणि त्याच्या जागी 'फुई' येऊन बसलं. का बसलं, ते मराठीत बघा. मी म्हटलं, 'रविवारी मी नाशिकला होते', तर तुम्ही काय समजता? मी नाशिकला गेले होते. 'होते' म्हणताना जाणं आपोआप आत आलं. लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडीही असंच काहीसं झालं असं मानतात. पण सगळीकडे नाही हं. इटालियनमध्ये 'फू' म्हणजे अजूनही फक्त 'होता'. पोर्तुगीजमध्ये मात्र स्पॅनिशसारखंच, 'फोय' म्हणजे होता आणि गेलाही. गोव्यात ज्यांच्या आजी-आजोबांना पोर्तुगीज येतं, त्यांनी घरी विचारून बघा.

आता माझी आवडती गोष्ट. लॅटिनचा 'फ' आणि संस्कृतचा 'भ' बऱ्याचदा एकाच ठिकाणाहून येतात. संस्कृत भ्राता, लॅटिन फ्रातेर. तसंच हे 'फु' म्हणजे संस्कृतचा 'भू' धातू. तोच 'भू' प्राकृतात 'हो' झाला आणि आपल्याकडे होणे, होता असा आला. म्हणजे 'फुए' आणि 'होता' ही लांबची पण सख्ख्या रक्ताची भावंडं! आणि अनियमित रूपांबद्दल कुरकुर करण्याआधी 'जातो' आणि 'गेला' शेजारी ठेवा. 'जा' आणि 'गे' यांचा संबंध काय? काही नाही, दोन वेगळे धातू. लहानपणी आपण बिनतक्रार शिकलो.

खरी अडचण वेगळीच आहे. 'होता'साठी स्पॅनिशमध्ये आणखी एक रूप आहे, 'एरा', आणि मराठी माणूस दोन्हींना 'होता' म्हणून मोकळा होतो. माझी युक्ती अशी: 'फुए' दिसलं की आधी 'झाला' लावून बघा. 'कोमो फुए ला फिएस्ता?' पार्टी कशी झाली? घटना संपली, आपण बाहेर उभं राहून बघतोय. 'एरा'मध्ये आपण अजून त्या प्रसंगाच्या आतच असतो. ही युक्ती शंभर टक्के चालत नाही, पण निम्मं काम करते.

फुटबॉलवाल्यांसाठी उदाहरण. 2014 चा वर्ल्ड कप, मेक्सिको विरुद्ध नेदरलँड्स. इंज्युरी टाइममध्ये रॉबेन पडला, पेनल्टी मिळाली, मेक्सिको 2-1 ने घरी. त्यानंतर मेक्सिकोत घोषणाच झाली: 'नो एरा पेनाल', ती पेनल्टी नव्हती. 'नो फुए पेनाल' हेही व्याकरणाने बरोबर आहे, पण ते रिपोर्टसारखं वाटतं. 'एरा' म्हणणारा माणूस मला अजून त्या क्षणातच उभा दिसतो, रेफरीशी वाद घालत.

आता 'फुए'च्या आधी एक छोटा 'से' लावा. 'से फुए' म्हणजे निघून गेला. 'से फुए ला लूस' म्हणजे? अगदी आपल्यासारखं, लाईट गेली. आणि हाच 'से फुए' माणसाबद्दलही येतो. हल्ली आपल्यातले कितीतरी जण लीमा, बोगोता, माद्रिदच्या लोकांबरोबर रोज काम करतात. समजा सकाळी फोनवर मेसेज आला: 'से नोस फुए मि पापा.' ॲपमध्ये टाकलं तर कधीकधी 'बाबा आम्हाला सोडून गेले' असलं काहीतरी येतं, आणि नवशिक्याला वाटतं घरात भांडण झालं. पण तुम्ही मराठीत ऐका: 'आमचे बाबा गेले.' कुठे गेले, असं आपण कधी विचारतो का? तो 'नोस' म्हणजे 'आम्हाला'. जाणारा एकटाच जातो, पण घाव सगळ्या घराला लागतो, तो या दोन अक्षरांत आहे. अशा वेळी फार लिहू नका. 'लो स्येन्तो मुचो', एवढं पुरतं.

पुढे काही दिवसांनी तोच सहकारी बाबांबद्दल बोलेल तेव्हा कान देऊन ऐका. 'एरा मुय आलेग्रे', फार आनंदी स्वभावाचे होते. इथे बाबा अजून डोळ्यांसमोर वावरताहेत. 'फुए उन ग्रान पाद्रे', ते थोर बाप होते. इथे पूर्ण आयुष्याकडे एकदम बघून बोलणं चाललंय, म्हणून श्रद्धांजलीत हे जास्त येतं. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडी, एकाच संध्याकाळी येऊ शकतात.

जाता जाता: जुन्या छापील पुस्तकांत 'फुए'च्या शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ दिसेल. स्पॅनिश अकादमीने 1952 च्या नव्या नियमांत ती काढली, आणि 1959 पासून ते नियम सक्तीचे झाले. आज लिहिताना रेघ द्यायची नाही.

पुढच्या भागात याच कुटुंबातलं 'फुएरा' घेऊ. ते 'असता', 'गेला असता' आणि 'बाहेर हो!' अशी तिन्ही कामं करतं. तोपर्यंत एक वाक्य देते, अर्थ तुम्ही लावा: 'फुइमोस आल मार इ फुइमोस फेलीसेस.' मार म्हणजे समुद्र, फेलीसेस म्हणजे सुखी. भेटू!