पैसा किती वाढला आणि कुणाच्या हाती?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भाव चढले की "सरकारने नोटा छापल्या" हे उत्तर हल्ली आपले कार्यकर्तेही देऊ लागले आहेत. भारत आणि अमेरिका या दोन देशांत पैशाचा पुरवठा पन्नास वर्षांत कसा वाढला, हे पाहून आपण त्या उत्तराची परीक्षा घेऊ.

पैशाचा पुरवठा म्हणजे केवळ नोटा नव्हेत. लोकांच्या हातातील चलन आणि त्यांच्या बँकांतील ठेवी यांची ती बेरीज होय. बँक कर्ज देते तेव्हा कर्जदाराच्या खात्यावर ठेव उमटते. पैसा बहुतांशी असाच जन्माला येतो. दोन्ही देशांच्या व्याख्या तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून रकमांपेक्षा वाढीच्या वेगाकडे पाहावे.

भारतात मार्च १९७१ मध्ये हा पुरवठा सुमारे ११ हजार कोटी रुपये होता. मार्च २०२१ मध्ये सुमारे १८८ लाख कोटी झाला. म्हणजे जवळजवळ सतराशेपट! त्याच काळात अमेरिकेत तो तीसपटीच्या आसपास वाढला. नोटांचा सिद्धान्त खरा धरला, तर रुपयाची किंमत डॉलरच्या तुलनेत पन्नासपटीहून अधिक घसरायला हवी होती. प्रत्यक्षात साडेसात रुपयांचा डॉलर ७३ रुपयांच्या घरात गेला, घसरण दहापटीची. उरलेला पैसा गेला कुठे? एक तर आपले उत्पादन अमेरिकेहून अधिक वेगाने वाढले. दुसरे कारण या वर्गातील वडीलधाऱ्यांना पुस्तकाविना ठाऊक आहे. जिथे मजुरी भातात चुकती होई, तिथे ती रुपयांत होऊ लागली. जुलै १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा खेड्यांत आल्या, मडक्यातली शिल्लक ठेवीत आली. धान्याचे काम पैसा करू लागला की पैसा वाढूनही भाव त्या प्रमाणात वाढत नाहीत.

आता २०२० कडे या. त्या एका वर्षात अमेरिकेतील पैसा सुमारे २५ टक्क्यांनी वाढला; आपल्याकडे २०२०-२१ मध्ये सुमारे १२ टक्क्यांनी. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली. नोटांचा सिद्धान्त मांडणारे याकडे बोट दाखवतील, आणि त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण निम्म्या वेगाने पैसा वाढूनही एप्रिल २०२२ मध्ये आपली महागाई ७.८ टक्के होती. युक्रेनच्या युद्धाने तेल महागले, ते दोघांनाही भोवले. फरक पडला तो वेगळ्याच जागी. अमेरिकेत उत्पन्नमर्यादेतील प्रत्येक प्रौढाला पहिल्याच खेपेस १,२०० डॉलर मिळाले. आपल्याकडे जनधन खाते असलेल्या महिलांना महिना ५०० रुपये, तेही तीन महिने. आणि कसारा घाटातून माणसे पायी गावाकडे निघाली होती.

धरणात पाणी किती, यावरून नळ कुणाचा हे कळत नाही, हे तानसा-भातसाच्या शहापूरकरांना मी काय सांगावे! मुंबईला पाणी जाते, आणि उन्हाळ्यात धरणाशेजारच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. पैशाचेही तसेच आहे. बँकांनी ४० टक्के कर्जे अग्रक्रमाच्या क्षेत्रांना द्यावीत असा दंडक आहे; त्यातच दुर्बल घटकांचा १२ टक्के वाटा येतो. पण तारण द्यायला काहीच नसलेल्या कातकरी कुटुंबाला नवा पैसा भेटतो तो वीटभट्टीमालकाच्या उचलीच्या रूपाने. दिवाळीनंतर भट्टीवर जायचे, पावसाच्या तोंडावर परतायचे, आणि हिशेबात फिटले नाही ते पुढच्या वर्षाच्या नावावर. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा आहे. मालकाला पत मिळते. मजुराचे श्रमच तारण ठरतात. एकूण पुरवठ्याच्या आकड्यात हे दोन रुपये सारखेच मोजले जातात.

म्हणून पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या भागातील दहा कुटुंबांची माहिती लिहून आणावी: गेल्या दिवाळीनंतर पैसा कुणाकडून उचलला, किती, आणि कशाच्या भरवशावर. ती घेऊन आपल्याला बँकेच्या शाखाधिकाऱ्यांकडे जायचे आहे.