उपनगर बंद असते तेव्हा



राजकीय अशांततेमुळे पर्यटन बुडाले, अशी ओरड मुंबईत प्रत्येक दंगलीनंतर आणि प्रत्येक बंदनंतर होते. ओरड करणारे बहुधा बड्या हॉटेलांचे चालक आणि प्रवासी कंपन्या असतात. त्यामुळे चळवळीतल्या माणसाला ती धनिकांची तक्रार वाटते आणि तो ती कानाआड करतो. ही चूक आहे.

मुंबईचे पर्यटन म्हटले की गेटवे आणि ताजमहाल हॉटेल डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात विमानाने येणारा पाहुणा पहिले पाऊल ठेवतो ते अंधेरीजवळच्या सहारला. तेथील हॉटेलांतील खाटा आवरणारे, भांडी घासणारे, चादरी धुणारे हात आसपासच्या वस्त्यांतले असतात. बोरिवलीला कान्हेरीची लेणी आहेत. सोपारा, कल्याण येथील व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख तेथे आजही वाचता येतात. म्हणजे वाटसरूवर जगणारी ही भूमी दोन हजार वर्षांची जुनी आहे. आज त्याच वाटेवर आदिवासी पाड्यांतील बाया काकड्या-कैऱ्यांची टोपली घेऊन बसतात. गोराईच्या खाडीत पॅगोडा पाहायला जाणाऱ्यांना पैलतीरी नेणाऱ्या बोटी आहेत. आणि या सगळ्यांना जोडणारी रिक्षा तर केवळ उपनगरांतच चालते. या माणसांना पगारी रजा नाही. पाहुणा आला नाही तर त्या दिवशीची कमाई नाही, आणि मालकाला रिक्षाचे भाडे मात्र द्यावेच लागते.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत, श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार, ९०० माणसे मेली. जोगेश्वरी होरपळली. हजारो श्रमिक मिळेल त्या गाडीने गावाकडे निघून गेले. त्यानंतर १२ मार्च १९९३ रोजी स्फोटांची मालिका झाली आणि २५७ जणांचे बळी गेले. त्या दिवशीच्या लक्ष्यांत वांद्र्याचे सी रॉक, जुहूचे सेंटॉर आणि विमानतळाजवळचे सेंटॉर अशी तीन हॉटेले होती. सहार विमानतळावरही हातबाँब फेकले गेले. (दोन्ही सेंटॉर सरकारी मालकीची होती, २००२ साली सरकारने ती विकली, तो निराळा विषय.) पाहुण्यांचा ओघ आटला की हॉटेल आधी कमी करते ते कंत्राटी आणि बदली कामगार. इमारतीला विमा असतो. जळालेल्या रिक्षाचा निदान पंचनामा होतो. गिऱ्हाईक नाही म्हणून आठवडाभर नाक्यावर उभ्या राहिलेल्या रिक्षाची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर होत नाही.

२८ जुलै २००३ रोजी घाटकोपरला लाल बहादूर शास्त्री मार्गावर बेस्टच्या बसमध्ये स्फोट झाला. निरपराध माणसे गेली. दोनच दिवसांनी, ३० जुलैला, शिवसेना व भाजपने मुंबई बंद पुकारला. स्फोटाने ज्या वस्तीची झोप उडवली, तिचीच रोजी निषेधाने बुडवली! हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००४ साली दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपयांचा दंड झाला. बंदची किंमत तो पुकारणाऱ्यावर पडू शकते, हे त्या निकालाने दाखवले. तथापि दंड म्हणजे भरपाई नव्हे.

मात्र यावरून संपालाच नावे ठेवणे म्हणजे मालकवर्गाची भाषा बोलणे होय. जॉर्ज फर्नांडिस यांनी साठच्या दशकात मुंबई बंद पाडली, तेव्हा त्यांनी संघटित केलेले टॅक्सीचालक आणि महापालिका कामगार त्यांच्या पाठीशी होते. संपकरी आपली मजुरी आपण होऊन पणाला लावतो. दगडाच्या भयाने दुकान मिटणारा फेरीवाला ती पणाला लावत नाही. ती त्याच्याकडून हिसकावली जाते. १९९७ साली केरळ उच्च न्यायालयाने सक्तीचा बंद घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, तो याच फरकाच्या आधारे.

फरक नेहमी इतका सुबक नसतो, हेही मानले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जण ठार झाले. पुढे भीमा कोरेगावच्या हिंसाचारानंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला, तेव्हा त्याच वस्तीतील माणसे रस्त्यावर होती. तीही हातावर पोट असलेली. त्यांनी स्वतःची मजुरी सोडली आणि शेजाऱ्याचीही बुडवली. त्यांना सक्तीचा उपदेश करण्यापूर्वी, त्यांच्या वेदनेची दखल घ्यायला बंदखेरीज दुसरा कोणता मार्ग खुला ठेवला होता, हे विचारावे लागेल.

ऑक्टोबर २००८ मधील प्रकाराला मात्र असे कोणतेही स्पष्टीकरण चालणार नाही. रेल्वे भरतीच्या परीक्षेसाठी आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना तेव्हा परीक्षा केंद्रांवर मारहाण झाली. ते पर्यटक नव्हते, पण पाहुणे होतेच; स्टेशनवरचा चहावाला, स्वस्त लॉजचा नोकर, रिक्षावाला यांची मिळकत अशाच पाहुण्यांवर होते. भूमिपुत्राच्या नावाने उगारलेल्या काठीने भूमिपुत्राचेही गिऱ्हाईक पळवले.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कामगार संघटनांच्या शाखांनी यापुढे एक साधे काम हाती घ्यावे. दंगल किंवा बंद झाला की नाक्यानाक्यावर जाऊन बुडालेल्या दिवसांची वही लिहावी: किती रिक्षा उभ्या राहिल्या, किती कंत्राटी कामगारांना परत पाठवले, किती टोपल्या तशाच घरी गेल्या. पाहुण्यांच्या घटलेल्या संख्येचा तक्ता घेऊन हॉटेलचालक मंत्रालयात सवलती मागायला जातात, तेव्हा ही वहीही त्याच टेबलावर ठेवली जावी.