कागावांची क्षमायाचना



संघटनेच्या कचेरीतच मी वाचावयास शिकलो. तेथेच तोयोहिको कागावांची ओळख झाली. हे जपानी ख्रिस्ती गृहस्थ १९०९ साली कोबेच्या दरिद्री वस्तीत राहावयास गेले. आजाऱ्यांना आपल्या खोलीत घेतले. खुपऱ्यांनी स्वतःचे डोळे अधू करून घेतले. १९२१ च्या जहाजबांधणी कामगारांच्या संपात तुरुंगात गेले. पुढे जपानच्या आक्रमणाबद्दल त्यांनी चिनी जनतेची क्षमा मागितली. १९४० साली पुन्हा अटक झाली.

अंग झिजविणे मलाही जमले. पण एका संपात बोलणी फिसकटल्याचे मी तीन दिवस कामगारांपासून लपविले. त्यांचा धीर खचू नये म्हणून, असे मी सांगे. खरे म्हणजे मला टाळ्या हव्या होत्या.

आपल्याच माणसांना नकोसे सत्य सांगणे, हीही ख्रिस्ताची प्रीतीच, हे कागावांनी मला शिकविले.